आधी फड, मग केसरी: सायकल शर्यतींनी नव्या देशांत जावे का?

परभणीच्या एका तरुण सायकलपटूने मला प्रश्न विचारला आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुटप्पी शर्यत झाली, ती पाहिल्यापासून हा प्रश्न त्याच्या मनात घोळतो आहे. व्यावसायिक सायकल शर्यती युरोपाबाहेर नवनव्या देशांत नेणे या खेळाच्या हिताचे आहे, की ही सगळी धाव केवळ पैशामागची आहे? आणि उद्या अशी शर्यत मराठवाड्यात आली, तर इथल्या मुलामुलींच्या पदरात नेमके काय पडेल?

मी सव्वीस वर्षे लातूर जिल्ह्यात क्रीडाशिक्षक होतो. त्याच काळात जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या शर्यतींत पंच म्हणून आणि मार्ग आखणारा म्हणून काम केले. त्या अनुभवावरून माझे मत सुरुवातीलाच सांगतो. शर्यतींनी नव्या देशांत जरूर जावे. मात्र जिथे लहान शर्यतींचा पाया आहे, किंवा तो बांधून देण्याची लेखी हमी आहे, तिथेच जावे. हा पाया नसेल तर मोठी शर्यत पाहुण्यासारखी येते, जेवते आणि निघून जाते. तिने कोणाचे फार नुकसान होत नाही, पण त्या देशातला खेळ एक पाऊलही पुढे सरकत नाही.

शर्यती नव्या देशांकडे का वळतात हे आधी समजून घ्यावे लागते. या खेळाला तिकीट नाही. क्रिकेटच्या मैदानाला दार असते, कुस्तीच्या आखाड्याला निदान दोरखंड तरी असतो. सायकल शर्यत मात्र सार्वजनिक रस्त्यावर होते आणि कोणीही बांधावर उभे राहून ती फुकट पाहू शकते. तुर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये एका वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी सुरू केली आणि इटलीची जिरो शर्यतही १९०९ मध्ये वर्तमानपत्रानेच सुरू केली. आज आयोजकाला पैसा मिळतो तो प्रामुख्याने दूरचित्रवाणीचे हक्क, प्रायोजक आणि ज्या गावातून टप्पा सुटतो किंवा जिथे संपतो त्या गावाने दिलेले शुल्क यांतून. संघांना दूरचित्रवाणीच्या पैशात वाटा जवळजवळ नसतोच; ते प्रायोजकाच्या कृपेवर जगतात आणि प्रायोजक गेला की चांगले चांगले संघ एका हंगामात बंद पडतात. अशा घराला नवा देश, नवे सरकार, नवी पर्यटनाची जाहिरात हवीहवीशी वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून विस्तारामागे पैसा आहे, हे तुमचे म्हणणे खरेच आहे. परंतु या खेळात पैशाशिवाय जन्मलेली मोठी शर्यत एकही नाही, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून विस्ताराला दोष देता येत नाही. पैसा कशासाठी आला आणि किती वर्षे टिकला, हे पाहावे लागते.

न टिकलेल्या शर्यतींची उदाहरणे थोडक्यात सांगतो. टूर ऑफ बीजिंग २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये संपली. ती भरवणारी कंपनी यूसीआयनेच, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनेच, काढलेली होती. नियम करणारा आणि शर्यत विकणारा एकच झाल्यामुळे पहिल्याच वर्षी सायकलपटू आणि संघाची गाडी यांच्यातल्या रेडिओ संपर्काच्या बंदीवरून संघांनी बहिष्काराचा इशारा दिला होता. कतारची शर्यत २००२ पासून २०१६ पर्यंत चालली. वाळवंटातल्या आडव्या वाऱ्यात घोळक्याचे तुकडे कसे होतात हे शिकायला तिच्यासारखी शाळा नव्हती, पण प्रायोजक मिळेनासे झाले आणि २०१७ ची आवृत्ती रद्द झाली. टूर ऑफ कॅलिफोर्निया २००६ ते २०१९ अशी चालली, शेवटची तीन वर्षे तर वर्ल्ड टूर या सर्वोच्च श्रेणीत होती, आणि तरीही ती एकदा थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. या तिन्ही ठिकाणी रस्ते उत्तम होते, पैसा होता, जगातले पहिल्या क्रमांकाचे सायकलपटूही आले. कॅलिफोर्नियात तर सायकलपटूही होते आणि प्रेक्षकही होते. तिथे कमी पडली ती दरवर्षी नव्याने पैसा ओतण्याची कोणा एकाची तयारी. शर्यत एकाच हाताच्या आधारावर उभी असेल तर तो हात थकला की ती पडते.

याच्या उलट उदाहरण म्हणून मला कोलंबिया सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिथे युरोपातून कोणी शर्यत नेऊन ठेवली नाही. १९५१ मध्ये त्यांनी स्वतःची देशव्यापी शर्यत, व्हुएल्ता अ कोलंबिया, सुरू केली. अँडीज पर्वतातले तेव्हाचे रस्ते बहुतेक मातीचे आणि चिखलाचे होते, आणि अशा रस्त्यांवर सायकल चालणार कशी अशी शंका घेतली जात होती. तेव्हा एफ्राइन फोरेरो या तरुणाने आधीच तो डोंगर सायकलने पार करून दाखवला, आणि पुढे पहिली शर्यतही त्यानेच जिंकली. गावोगावी लोक रेडिओभोवती बसून टप्प्यांचे वर्णन ऐकू लागले. अशी बत्तीस वर्षे गेल्यानंतर, १९८३ मध्ये, कोलंबियाचा हौशी संघ तुर द फ्रान्समध्ये उतरला. दुसऱ्याच वर्षी लुचो एरेरा याने आल्प द्युएझचा प्रसिद्ध चढ जिंकला, १९८७ मध्ये स्पेनची व्हुएल्ता जिंकली, आणि २०१९ मध्ये एगान बेर्नाल वयाच्या बाविसाव्या वर्षी तुर द फ्रान्सचा विजेता झाला. पहिल्या घरच्या शर्यतीपासून त्या विजयापर्यंत अडुसष्ट वर्षे लागली. मधल्या काळात कोलंबियाच्या खेड्यांत दर आठवड्याला ज्या लहानसहान शर्यती झाल्या त्यांची नोंद कोणत्याही इतिहासात सापडणार नाही, पण बेर्नाल त्यांतूनच आला.

आफ्रिकेची गोष्ट याच्याशी मिळतीजुळती आहे, पण तिला एक वेगळी गाठ आहे. इरिट्रिया इटलीची वसाहत होती. सायकल तिथे वसाहतवाल्यांबरोबर आली आणि १९४६ मध्ये तिथे पहिली राष्ट्रीय शर्यतही झाली. अस्मारा शहरात आजही रविवारची सायकल शर्यत पाहायला लोक आपल्याकडे जत्रेला जमावेत तसे जमतात. त्या शहरातला बिनियाम गिरमाय स्वित्झर्लंडमधल्या एग्ल येथे यूसीआयच्या प्रशिक्षण केंद्रात शिकला, २०२२ मध्ये त्याने बेल्जियममधली गेंट–वेव्हेल्गेम ही एकदिवसीय शर्यत जिंकली, आणि २०२४ च्या तुर द फ्रान्समध्ये तीन टप्पे जिंकून गुणांच्या स्पर्धेतल्या विजेत्याची हिरवी जर्सीही मिळवली. तुरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी सायकलपटू आहे. इथे घरचा पाया आणि बाहेरचे दार, दोन्ही हवे होते. अस्मारातल्या शर्यती नसत्या तर गिरमाय घडला नसता. एग्लचे दार उघडले नसते तर तो अस्मारातच राहिला असता. आफ्रिकी सायकलपटूंना युरोपातल्या शर्यतींसाठी व्हिसा मिळवताना किती अडचणी येतात हे या खेळातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खेळाडूंनी शर्यतीपर्यंत पोहोचायचे हे एवढे अवघड असताना, शर्यतीने खेळाडूंपर्यंत जाणे हा मला न्यायाचा भाग वाटतो, आणि विस्ताराच्या बाजूचा माझा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

रवांडाने तो मुद्दा कसाला लावून पाहिला. तिथली देशव्यापी शर्यत १९८८ पासूनची आहे; २००९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय दिनदर्शिकेत आली आणि २०१९ मध्ये तिचा दर्जा एका पायरीने वाढून २.१ झाला (या आकड्यांचा अर्थ पुढे सांगतो). त्याआधीच्या पाच वर्षांत, २०१४ ते २०१८, एकूण विजेतेपद दरवर्षी रवांडाच्याच सायकलपटूने पटकावले होते. दर्जा वाढल्यापासून २०२५ पर्यंतच्या सात आवृत्त्यांत मात्र एकही रवांडाचा विजेता झाला नाही. विजेते आले इरिट्रिया, स्पेन, ब्रिटन आणि फ्रान्समधून. या आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत बसलो आहे. श्रेणी वाढली की मोठे संघ येतात, वेग वाढतो, आणि कालपर्यंत घाटात सर्वांत पुढे असणारा घरचा मुलगा घोळक्याच्या शेपटीला जातो. यावर कोणी म्हणेल की तेवढी किंमत शिकण्यासाठी मोजावीच लागते, आणि ते बरोबर आहे. पण मग त्या मुलाला पुन्हा जिंकण्याची सवय लागावी अशा खालच्या दर्जाच्या शर्यती वर्षभर देशात होत आहेत का, याचा हिशोब श्रेणी वाढवतानाच मांडायला हवा होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा रवांडाची राजधानी किगाली येथे झाली, आफ्रिका खंडातली पहिली. पुरुषांची शर्यत २६७.५ किलोमीटरची होती आणि चढ पाच हजार चारशे मीटरहून अधिक. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार जिंकला आणि सुरुवात करणाऱ्या दीडशेहून अधिक सायकलपटूंपैकी अवघे तीस जण पूर्ण करू शकले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमलेली माणसे पाहून, नव्या देशांत प्रेक्षक नाहीत असे इथून पुढे कोणी म्हणू नये. आक्षेपही होते आणि ते किरकोळ नव्हते. शेजारच्या काँगोच्या पूर्व भागातल्या संघर्षात रवांडाचा हात असल्याच्या आरोपावरून, रवांडाने धोरण बदलले नाही तर ही स्पर्धा रद्द करावी अशी मागणी युरोपीय संसदेने केली होती. प्रवासखर्चामुळे काही युरोपीय महासंघांनी आपले कनिष्ठ गटांचे संघ कमी केले किंवा पाठवलेच नाहीत. यांपैकी दुसऱ्या आक्षेपाला मी फारशी किंमत देत नाही. आफ्रिका आणि आशियातले महासंघ कित्येक दशके नेमका हाच खर्च सोसत युरोपात गेले, आणि नाही परवडले तेव्हा त्यांची अनुपस्थिती कोणी मोजलीही नाही. पहिला आक्षेप मात्र गंभीर आहे. सरकारच्या पैशावर येणारी शर्यत त्या सरकारची प्रतिमा उजळवण्याचे काम करते, आणि रस्ता हेच मैदान असलेल्या खेळाला राजकारणापासून दूर ठेवणारे कुंपण नसते. २०२५ च्या व्हुएल्ताचा माद्रिदमधला अखेरचा टप्पा आंदोलनामुळे अर्धवट सोडावा लागला. म्हणजे हा प्रश्न केवळ नव्या देशांचा नाही, जुन्या देशांतही तो उभा राहिला आहे.

हे सारे मला आपल्याकडच्या कुस्तीच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट दिसते. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून होते आहे, पण केसरीचा मल्ल त्या मैदानात तयार होत नाही. तो गावच्या जत्रेतल्या फडात तयार होतो. तिथे लहान मुलांची कुस्ती आधी रेवड्यांवर लागते, मग नारळावर, पोरगा थोडा उंच झाला की इनामाची रक्कम वाढते, आणि शेवटची कुस्ती तालुक्यात नाव असलेल्या मल्लांची होते. गावाने वर्गणी काढलेली असते, हलगी वाजत असते, हरलेल्या पोराच्या पाठीवरही कोणी म्हातारा थाप मारतो. उद्या केसरी स्पर्धा बंद पडली तरी फड राहतील आणि दुसरी केसरी उभी करतील. फड बंद पडले तर मात्र कितीही मोठी गदा ठेवली तरी ती उचलायला मल्ल मिळणार नाही. सायकलिंगमध्ये आपण गदा आधी आणतो आहोत आणि फड अजून लागलेला नाही.

पुण्याच्या शर्यतीकडे मी याच दृष्टीने पाहिले. १९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत सुमारे ४३७ किलोमीटरची, यूसीआयच्या २.२ दर्जाची शर्यत झाली. आपल्या देशात या दर्जाची बहुटप्पी शर्यत होणे ही मोठी घटना होती, आणि ती घडवून आणणाऱ्यांचे श्रम मी कमी लेखणार नाही. बारामतीच्या टप्प्याला मी आमच्या भागातल्या अकरा मुलांना घेऊन गेलो होतो. पहाटे निघालो, रस्त्याकडेला जागा धरली आणि दोन तास थांबलो. आधी पोलिसांच्या मोटारसायकली गेल्या, मग पंचांची गाडी, मग चाकांचा तो एकसंध घोंगावणारा आवाज आला आणि मिनिटभराच्या आत सगळा घोळका नजरेआड झाला. आमच्यातली सर्वांत लहान मुलगी म्हणाली, "सर, झालं?" परतीच्या प्रवासात मात्र ती सलग तीन तास प्रश्न विचारत होती: एकमेकांच्या चाकाला चाक लावून ते पडत कसे नाहीत, पाणी कुठून घेतात, पंक्चर झाले तर कोण थांबते. एका मिनिटाच्या दर्शनाने एवढी ओढ लागू शकते, म्हणून मोठी शर्यत यायला हवी. पण त्यानंतरच्या रविवारी त्या मुलीला उतरता येईल अशी शर्यत तिच्या जिल्ह्यात नव्हती, आणि पुढच्या महिन्यातही नव्हती. ओढ लागलेले मूल फार काळ थांबत नाही.

दर्जाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय पुढचा हिशोब कळणार नाही. शर्यतींच्या उतरंडीत सर्वांत वर वर्ल्ड टूर आहे, तिच्याखाली प्रो सिरीज, मग .१ आणि .२ या श्रेणी. आकड्याच्या आधी १ असेल तर शर्यत एकदिवसीय, २ असेल तर अनेक टप्प्यांची. तुर द फ्रान्सच्या विजेत्याला क्रमवारीचे १३०० गुण मिळतात, २.२ शर्यतीच्या एकूण विजेत्याला ४०. हा फरक पाहून निराश होण्याचे कारण नाही. .२ दर्जाच्या शर्यतीत यजमान देशाचा राष्ट्रीय संघ उतरू शकतो, आपल्या मुलांना विमानाचे तिकीट न काढता आंतरराष्ट्रीय गुण कमावण्याची संधी मिळते, आणि आशियातले लहान संघही परवडेल इतक्या खर्चात येतात. भारतासाठी पुढची दहा वर्षे हाच दर्जा योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. वर्ल्ड टूरची घाई करणे म्हणजे रवांडाने सोसलेले आपण दुप्पट प्रमाणात सोसणे होय.

आता मराठवाडा. आमच्या रस्त्यांविषयी मी प्रेमाने बोलू शकतो, पण खोटे बोलू शकत नाही. बालाघाटच्या रांगांमुळे धाराशिव, बीड आणि लातूरच्या काही भागांत शर्यतीला शोभतील असे चढउतार आहेत. मांजरसुंब्याचा घाट, तुळजापूरचा घाट, दौलताबादहून खुलदाबादकडे जाणारा चढ हे कोणत्याही .२ शर्यतीत निर्णायक ठरू शकतील. डिसेंबर-जानेवारीची हवाही उत्तम. पण तोच काळ उसाच्या गाळपाचा असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे जात असतात, मागे दिवा नसतो, आणि रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या चिपाडांवरून पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटर जाडीचा टायर सहज घसरतो. शर्यतीसाठी रस्ता बंद करणे म्हणजे त्या दिवशी त्या ट्रॉल्यांनी उभे राहणे, आणि उभ्या ट्रॉलीतल्या उसाचे वजन घटते ते शेतकऱ्याच्या पैशातून. कारखाना, वाहतूकदार आणि गावे यांच्याशी तीन महिने आधी बसल्याशिवाय इथे कोणी शर्यतीची तारीख काढू नये.

दुसरी गोष्ट गतिरोधकांची. काही वर्षांपूर्वी एका शर्यतीचा मार्ग मी स्वतः तपासला होता. तपासणी झाली गुरुवारी, शर्यत होती रविवारी. शुक्रवारी रात्री एका वस्तीपुढे लोकांनी स्वतःच नवा गतिरोधक घातला, कारण आदल्या आठवड्यात तिथे एका मुलाला जीपने उडवले होते. त्या गतिरोधकावर ना पांढरा पट्टा होता ना फलक. पुढच्या तिघांनी तो ऐनवेळी पाहिला, चौथ्याला दिसलाच नाही, आणि त्याचे कॉलरबोन मोडले. त्या वस्तीला मी दोष देऊ शकत नाही. शर्यतीच्या दिवशी पहाटे मार्गावरून पुन्हा एकदा जाणे हे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते. तेव्हापासून शर्यत सुटण्याच्या तासभर आधी संपूर्ण मार्गावर मी स्वतः फिरतो, आणि तरुण पंचांनाही हेच सांगतो. मोठ्या शर्यतीसाठी शासन मार्गावरचे गतिरोधक काढते, नवे डांबर टाकते. पुण्याच्या वेळीही रस्त्यांची मोठी कामे झाली. आपल्या भागात ते झाले तर आनंदच आहे; मात्र शर्यत गेल्यावर शाळेपुढचा गतिरोधक पुन्हा घातला गेला की नाही हे पाहणेही आयोजकाचेच कर्तव्य मानले पाहिजे, कारण त्या रस्त्यावर उरलेले तीनशे साठ दिवस गावच चालते.

रस्ता बंद करायला मराठवाड्यातले लोक तयार होणार नाहीत, असे मला अनेक अधिकाऱ्यांनी सांगितले आहे. ते मला पटत नाही. कोजागिरीच्या सुमारास सोलापूर–तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांसाठी वाहनांना बंद होतो, वाहतूक दुसरीकडून वळते, आणि वाटेवरची गावे तक्रार करण्याऐवजी चहा-फराळाचे मांडव घालून उभी राहतात. आई भवानीला जाणारी वाट आपली आहे असे त्यांना वाटते, म्हणून हे घडते. श्रद्धेची आणि खेळाची बरोबरी मी करत नाही; पण रस्ता आपला आणि त्यावरून जाणाराही आपला असे वाटले की लोक बंदोबस्त स्वतः सांभाळतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या शर्यतीत आपल्या तालुक्याचे एकही पोर नाही, तिच्यासाठी कोणी दोन तास बैलगाडी थांबवून का ठेवावी?

म्हणून मराठवाड्याने बहुटप्पी शर्यत मागण्याआधी एका दिवसाची, एकाच वर्तुळाकार मार्गावर अनेक फेऱ्या मारण्याची शर्यत मागावी असे मला वाटते. याला जपानमधल्या उत्सुनोमिया शहराचे उदाहरण आहे. तिथे १९९० मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि ती संपल्यावर मार्ग गुंडाळून ठेवण्याऐवजी त्यांनी १९९२ पासून त्याच परिसरात जपान कप ही एकदिवसीय शर्यत सुरू केली. ती आजतागायत चालू आहे, आणि त्या शहराचा स्वतःचा व्यावसायिक संघही उभा राहिला आहे. फेऱ्याच्या शर्यतीत पंधरा-सोळा किलोमीटरचाच रस्ता बंद करावा लागतो, रुग्णवाहिका आणि पोलीस कमी लागतात, चुकीचा गतिरोधक लपून राहत नाही, आणि मुख्य म्हणजे प्रेक्षकाला घोळका एकदा न दिसता आठ-दहा वेळा दिसतो. दौलताबाद, खुलदाबाद आणि वेरूळच्या परिसरात असा फेरा आखता येईल. पर्यटनाच्या खात्यालाही त्यात रस वाटेल. दौलताबादच्या जुन्या दरवाजातला अरुंद रस्ता मात्र टाळावा लागेल, तिथून शंभर सायकली एकदम काढणे सुरक्षित नाही.

आणि त्याच दिवशी, त्याच बंद रस्त्यावर, सकाळी आधी शाळेच्या मुलामुलींची शर्यत झाली पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या टूर डाउन अंडरमध्ये सामान्य सायकलस्वारांना शर्यतीच्याच मार्गावर सायकल चालवण्याची सोय केली गेली, आणि १९९९ पासून ती शर्यत ॲडलेड शहराची होऊन बसली त्याचे ते एक महत्त्वाचे कारण आहे. आपल्याकडे साधनाची अडचण सांगितली जाते, आणि ती खरी आहे. शर्यतीची कार्बनची सायकल काही लाखांची असते आणि ती कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घराला परवडत नाही. पण मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात, आणि मराठवाड्याच्या अनेक तालुक्यांत त्या सायकलींवर मुली रोज आठ-दहा किलोमीटर ये-जा करतात. त्याच साध्या सायकलींची, सर्वांना सारखी, पाच किलोमीटरची शर्यत ठेवा. कोणाचे पाय जोरकस आहेत ते दोन वर्षांत कळेल, आणि मग महागडी सायकल कोणाला द्यायची याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही. आपल्या सीमेपलीकडे विजापूर आणि बागलकोटकडे पाहा. आमच्याच सारखा कोरडा, उन्हाचा प्रदेश. पण तिथे सायकलिंगची क्रीडा वसतिगृहे वर्षानुवर्षे चालली आणि राष्ट्रीय स्पर्धांत त्या भागातली मुले सातत्याने दिसतात. तिथे आधी वर्ल्ड टूर आलेली नाही.

यूसीआयसमोर किंवा एखाद्या सरकारसमोर बोलण्याची मला संधी मिळाली, तर नव्या देशाला शर्यत देताना करारात काय घालावे हे मी नेमके सांगेन. एक-दोन वर्षांचा करार न करता दहा वर्षांचा करावा. पुरुषांची शर्यत असेल तर महिलांचीही असावी, आणि तिचे बक्षीस तितकेच असावे. यजमान देशातल्या किमान दोन संघांना जागा राखीव ठेवावी, आणि श्रेणी वाढवण्यापूर्वी त्या देशात वर्षभरात किती लहान शर्यती झाल्या ते मोजावे. बाहेरून आलेल्या पंचांबरोबर स्थानिक पंचांना काम करू द्यावे. मार्ग आखणे, ताफा हाकणे, अपघाताच्या वेळी निर्णय घेणे ही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत, आणि शर्यत गेली तरी ती माणसे मागे राहतात. माझ्या मते यजमान देशासाठी मोठ्या शर्यतीची खरी कमाई पदकांआधी ही माणसे असतात.

तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग तुमच्या स्वतःविषयी होता असे मला वाटते, म्हणून त्याचेही उत्तर देतो. शर्यत येईपर्यंत थांबू नका. परभणीजवळ ट्रॉल्यांची वर्दळ सुरू होण्याआधी, सूर्योदयाच्या वेळी मोकळा असणारा दहा किलोमीटरचा सरळ पट्टा शोधा, दोन्ही टोकांना एक-एक माणूस उभा करा, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाऊन-येऊन वीस किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने सुटून घड्याळाशी करायची शर्यत, घ्या. त्यासाठी रस्ता बंद करावा लागत नाही, पण स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा, हेल्मेटशिवाय कोणालाही सुटू देऊ नका, आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहा. पहिल्या महिन्यात सहा जण येतील. नोव्हेंबरमध्ये सुरुवात केलीत तर मी घड्याळ आणि झेंडा घेऊन येतो. त्या दिवशी पहाटे रस्ता आधी मी तपासेन.